डाव्या चाकामागचा आकडा

१

ट्रॅक्टरने मालकाचा जीव घेऊन दीड महिना झाला होता, आणि आता त्याच ट्रॅक्टरची किंमत ठरवायची होती.

पारख्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तो आलाच नसता. बागेतली जुनी यंत्रं तपासून दाखला देणं हा त्याचा पंचवीस वर्षांचा धंदा, पण माणूस पहिल्यापासून घाबरट. कुत्र्याला भ्यायचा, शिडीला भ्यायचा, शिट्टी वाजवणाऱ्या किटलीलाही भ्यायचा. कुणी इंजिन चालू करायला हात घातला की हा दोन पावलं मागे सरून "थांबा जरा" म्हणायचा, म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्याचं नावच थांबासाहेब पाडलं होतं. तो ते हसण्यावारी न्यायचा. धीट पारखी एकदा बघतो, भित्रा तीनदा बघतो, आणि लोक दाखला भित्र्याचाच मागतात हे त्याला ठाऊक होतं.

"हाच," मालकाची लेक म्हणाली आणि शेडच्या दारातच थांबली. तिशीची होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

ट्रॅक्टर साठ वर्षांचा, कमरेइतका उंच, एका सिलिंडरचा, गवत कापायचा. रंग मूळचा हिरवा, उन्हाने उडत आलेला, पण कुठेही नवा हात मारलेला नाही. एरवी हे पाहून थांबासाहेबाला आनंद झाला असता. आज त्याची नजर शेडबाहेर गेली. दारापासून सिमेंटचा उतार थेट खाली पाण्याच्या टाकीपर्यंत जात होता, आणि टाकीला माणसाच्या कमरेच्या उंचीवर पोचा होता.

"इथे झालं?" त्याने विचारलं.

"तिथे." तिने बोट दाखवलं नाही. "त्या दिवशी सकाळी मी गवत कापलं. बारा वाजता उताराच्या तोंडाशी उभा केला. इंजिन गार झाल्यावरच आत घ्यायचा, हा बाबांचा नियम. मग मी कामावर गेले. अडीच वाजता आई बाहेर आली तेव्हा बाबा टाकी आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकचा खटका सुटा होता. गियर मोकळा होता." ती हळू बोलत होती. "मी दोन्ही लावले होते, काका. लावले होते असं मला वाटतं. आधी खात्री होती. आता सगळे म्हणतात तेव्हा खात्री राहत नाही. रात्री चार चार वेळा उठून गॅस बघते, दार बघते. आई त्या दिवसापासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. हा विकला गेला की मी जाणार आहे. आईने रोज माझं तोंड बघावं असं मला वाटत नाही."

थांबासाहेबाला तिथून पळावंसं वाटलं. मेलेल्या माणसाच्या यंत्राला हात लावायचा होता. पण गिऱ्हाइकाने शब्द घेतला होता, आणि दुपारी चारला ते गिऱ्हाईक स्वतः येणार होतं.

२

गिऱ्हाईक म्हणजे हौशीराव. गावात त्यांना कुणी दुसऱ्या नावाने ओळखत नव्हतं. एकशे दहा जुनी यंत्रं घरात, आणि यंत्रांसाठी बांधलेलं घर राहत्या घरापेक्षा मोठं. या ट्रॅक्टरसाठी ते सहा वर्षं म्हाताऱ्याच्या मागे लागले होते. म्हातारा बसवून चहा पाजायचा, ट्रॅक्टर लांबून दाखवायचा आणि नाही म्हणायचा. जुन्या यंत्रांच्या संघात नोंद करायची तर तिऱ्हाईत पारख्याचा दाखला लागतो, म्हणून हौशीरावांनी थांबासाहेबाला गाठलं होतं.

"फार खोलाखोली करू नका," त्यांनी बजावलं होतं. "मागची चाकं तर काढूच नका, टायर जुने आहेत, फाटतील. मी सगळं लिहून दिलंय. तुम्ही फक्त सही करा." आणि टाइप केलेला एक कागद हातात दिला होता.

थांबासाहेब न बघता सही करणारा नव्हता. धाडस लागतं त्याला. त्याने आधी चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि कामाला लागला. इंजिनावर तळवा ठेवला. गार होतं. विकणारे लोक कधी कधी पारखी यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे ते गार असताना सुरू व्हायला किती रडतं हे कळत नाही. इथे कुणी लबाडी केली नव्हती. तेल काळं पण स्वच्छ. पत्र्याला भोक नाही. ब्रेकचं पेडल दाबून खटका अडकवला तेव्हा इतका मोठा आवाज झाला की तो स्वतःच दचकला.

"हा असाच वाजतो," लेक म्हणाली. "स्वयंपाकघरात ऐकू जातो."

मग आकडे. इंजिनावर एक आकडा असतो, गियरपेटीवर दुसरा. दोन्ही जोडीचे निघाले तर यंत्र कारखान्यातून आलं तसं आहे, आणि त्याची किंमत तिप्पट. जोडी जमली नाही तर ते नुसतं जुनं लोखंड. इंजिनाचा आकडा समोरच होता आणि कागदाशी जुळत होता. गियरपेटीचा आकडा कुठे दिसेना. थांबासाहेब पोटावर पडून, टॉर्च घेऊन शोधत राहिला.

"तो डाव्या चाकामागे आहे," लेक म्हणाली. "चाक काढल्याशिवाय दिसत नाही. बाबांनी कधी पाहिला नाही."

"कधीच नाही?"

तिने आतून एक वही आणली. म्हाताऱ्याने ट्रॅक्टरची सगळी कुंडली तीत लिहून ठेवली होती. कधी प्लग बदलला, कधी पट्टा. पहिल्या पानावर इंजिनाचा आकडा होता, आणि खाली लिहिलं होतं: 'पेटीचा आकडा चाकामागे. बघायचा नाही. विकायचंच नाही तर किंमत कळून काय करायचंय?'

थांबासाहेबाने खिशातला कागद काढला. हौशीरावांनी दोन्ही आकडे लिहिले होते. पेटीचा आकडा सात अंकी, शेवटी ४१८.

त्याने कागदाची घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवली.  म्हाताऱ्याने जो आकडा कधी पाहिलाच नाही तो हौशीरावांना कुणी सांगितला? कुणीतरी डावं चाक काढलं होतं, आणि ते घरच्यांना माहीत नव्हतं.

३

उजवं चाक आसाशी गंजून एकजीव झालं होतं. साठ वर्षांत कुणी हात लावला नव्हता. डाव्या चाकाच्या मधल्या भागावर मात्र तीन ओरखडे होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, लोखंड अजून चमकत होतं. अडकलेलं चाक ओढून काढायचा पुलर जिथे नखं रोवतो तिथलेच.

गल्लीच्या टोकाला मिस्त्रीचं गॅरेज होतं. थांबासाहेब पुलर मागायच्या निमित्ताने तिथे गेला.

"त्या ट्रॅक्टरला मी हात लावला नाही," मिस्त्री विचारण्याआधीच म्हणाला. माणूस धिप्पाड, पण नजर चुकवत होता. "म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, खरंय. सुटे भाग करून विकतो म्हटलं होतं. तो माझ्यावर पाना घेऊन धावला. म्हणून काय मी त्याला मारला?"

"मी कुठे म्हटलं?"

"लोक म्हणतील. ट्रॅक्टर वर ढकलायला मीच होतो ना, मी आणि शेजारचे मास्तर." त्याने भिंतीवरचा पुलर काढून दिला. दोन नखांचा होता. "तीन नखांचा नाहीये. तो हौशी लोकांचा खेळ. आपलं काम दोनात भागतं. आणि चाक काढलंत तर पुसून तसंच घाला, वंगण वाया घालवू नका. भंगारात जाणाऱ्या मालाला कोण लोणी लावतं?"

परत येताना कुंपणापाशी मास्तर उभे होते. निवृत्त शिक्षक, दुपारी झोपेचे पक्के. ट्रॅक्टरच्या आवाजाबद्दल त्यांनी म्हाताऱ्याला सात पत्रं लिहिली होती, कुंपणावरून हातात द्यायची सोय असताना टपालाने पाठवली होती. आता त्या सात पत्रांचीच त्यांना भीती वाटत होती.

"किंमत काढताय का?" त्यांनी विचारलं. "काढा, काढा. घेऊन जा एकदाचा. मी त्याला शिव्या दिल्या, पण माणूस मरावा असं माझ्या मनात नव्हतं हो."

"त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत?"

"अडीचला वहिनींची किंकाळी. पळत गेलो. खटका सुटा होता, तो मीच पाहिला आणि मीच सगळ्यांना सांगितला." मास्तरांनी मान खाली घातली. "पोरीच्या तोंडावर बोलायला नको होतं."

"त्याआधी काही?"

"दोनच्या सुमाराला धप्प झालं. मला वाटलं फळी पडली. मग लोखंडावर ठोकल्याचा आवाज. टक, टक, टक. मी चिडून खिडकी लावली. म्हटलं, उद्या आठवं पत्र."

थांबासाहेब एक पाऊल जवळ सरकला. "आधी ठोकणं आणि मग धप्प, असं ना?"

"छे. आधी धप्प. ठोकणं नंतर. चांगलं पाच-दहा मिनिटं."

मास्तरांना ते नुसतं आठवलं होतं. त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात अजून शिरला नव्हता. थांबासाहेबाच्या डोक्यात शिरला. म्हातारा टाकीशी चेपलेला, जिवंत, आणि त्याच्या हाताच्या अंतरावर बसून कुणीतरी हातोडी चालवत होतं.

४

त्याने त्याच वेळी पोलिसांकडे जायला हवं होतं. पण पोलिसांनाही तो भ्यायचा, आणि सांगणार काय? तीन ओरखडे आणि मास्तरांची झोपमोड? चाक काढून बघायलाच हवं होतं. साडेतीन वाजले होते. अर्ध्या तासात उरकायचं असं त्याने ठरवलं.

आधी मात्र तो स्वयंपाकघरात गेला. लेकीची आई, म्हातारी, टेबलाशी बसली होती, समोर रिकामी कपबशी.

"वहिनी, एकच विचारतो," तो म्हणाला. "त्या दिवशी बारा वाजता ब्रेकचा खटका पडलेला तुम्ही ऐकलात का?"

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दाराशी उभ्या लेकीचा चेहरा पांढरा पडला. आईने उत्तर द्यायचं टाळलं, म्हणजे खटका पडलाच नव्हता, असं तिला वाटलं. थांबासाहेबालाही तसंच वाटलं आणि प्रश्न विचारल्याची त्याला लाज वाटली.

"मला आणखी एक मोठी टॉर्च लागेल," तो तिला म्हणाला. ती माळ्यावर शोधायला गेली.

शेडमध्ये त्याने मागची बाजू जॅकवर उचलली. दुसरा कुणी एवढ्यावर थांबला असता. याने आसाखाली एक लोखंडी घोडी सरकवली, ती हलवून पाहिली, मग शेजारी दुसरी सरकवली. भित्र्या माणसाचं एका आधारावर भागत नाही. मग पुलर लावला आणि एकाच झटक्यात चाक हातात आलं.

आस चमकत होती. निळसर, ताजं वंगण, एकसारखं, बोटाने फिरवून लावलेलं. म्हाताऱ्याच्या फळीवर पिवळ्या वंगणाचा एकच डबा होता. वंगणाखाली आसाभोवती गोल ओरखडा होता, चाक आसावर मोकळं गरगर फिरल्याचा. चाक आणि आस एकत्र बांधायला मध्ये बोटभर पोलादी पाचर असते. ती असली तर चाक असं फिरूच शकत नाही. आता ती जागेवर होती, पण तिच्या डोक्यावर हातोडीचे ताजे घाव होते.

तो उताणा होऊन आत सरकला. पेटीवर साठ वर्षांची माती होती, फक्त तळहाताएवढी जागा खरवडून साफ केलेली. आकडा स्पष्ट वाचता येत होता. शेवटी ४१८.

तेवढ्यात शेडमध्ये उजेड कमी झाला. दारात कुणीतरी उभं होतं. त्याला फक्त बूट दिसत होते, तपकिरी, नीट पॉलिश केलेले.

"थांबासाहेब," हौशीराव म्हणाले. "चाक काढू नका म्हटलं होतं मी."

५

थांबासाहेबाने गप्प बसायचं ठरवलं होतं. हो म्हणायचं, बाहेर यायचं, सही करायची, घरी जाऊन दाराला कडी लावायची. सगळं मनात पक्कं होतं. पण घाबरलेल्या माणसाचं तोंड त्याच्या ताब्यात नसतं.

"हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला?" तो खालून म्हणाला.

"म्हाताऱ्यानेच."

"त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. वहीत लिहिलंय."

बूट हलले नाहीत. शेडमध्ये माशी फिरत होती, तिचा आवाज येत होता. मग बूट सावकाश ट्रॅक्टरच्या मागून फिरून जॅकपाशी आले आणि एक गुडघा जमिनीला टेकला.

"सहा वर्षं," हौशीराव म्हणाले. ते रागावलेले नव्हते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "सहा वर्षं मी मागत होतो. जोडी आहे की नाही एवढंच बघायचं होतं मला. तुम्ही तरी समजून घ्याल असं वाटलं होतं."

जॅकचा स्क्रू फिरल्याचा बारीक आवाज आला. तेल सुस्स करत परतलं. थांबासाहेबाने डोळे मिटले. आपल्याला किंचाळताही येत नाही हे त्याला कळलं. वरचं सगळं लोखंड बोटभर खाली आलं, करकरलं, आणि दोन्ही घोड्यांवर टेकून थांबलं.

"काय करताय तुम्ही?" दारातून लेकीचा आवाज आला. तिच्या हातात टॉर्च होती, आणि तिचा झोत हौशीरावांच्या हातावर होता. हात अजून जॅकच्या स्क्रूवर होता.

"निसटला," हौशीराव म्हणाले.

"मी बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही तो फिरवत होतात." आणि ती मागे न वळता मोठ्याने हाका मारू लागली, मास्तरांना, मिस्त्रीला, गल्लीत असेल त्याला.

थांबासाहेब बाहेर आला तो चार पायांवर. भिंतीला टेकून बसला. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते आणि ते थांबवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

६

पोलीस येईपर्यंत सगळे स्वयंपाकघरात जमले. मिस्त्री दार अडवून उभा होता. हौशीराव खुर्चीवर ताठ बसले होते, मांडीवर हात ठेवून. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि म्हातारी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. थांबासाहेबाच्या हातात पाण्याचा पेला होता, त्यातलं निम्मं पाणी शर्टावर सांडलेलं.

"पोरीने ब्रेक लावला होता," तो म्हणाला. "गियरही टाकला होता. पण या ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना मिळून धरतो, एका गाठीत दोन दोऱ्या बांधाव्यात तसा. एका चाकाची पाचर काढली की दुसरंही सुटतं. मग खटका कितीही घट्ट असो, ट्रॅक्टर उतारावर उभा राहत नाही."

"पण पाचर सकाळपासूनच नसेल तर?" मास्तरांनी विचारलं.

"मग पोरीला गवत कापताच आलं नसतं. इंजिन चाललं असतं आणि ट्रॅक्टर जागचा हलला नसता. म्हणजे बारापर्यंत पाचर होती. आसावर गोल ओरखडा आहे, म्हणजे ट्रॅक्टर घसरला तेव्हा ती नव्हती. आणि आज ती परत जागेवर आहे. मधे कुणीतरी काढली आणि कुणीतरी ठोकून बसवली. ठोकल्याचा आवाज तुम्ही ऐकलात, मास्तर. तुम्ही खिडकी लावलीत तेव्हा."

"आठवं पत्र," मास्तर पुटपुटले. 

"तो मिस्त्री का नाही?" लेकीने विचारलं. मिस्त्रीने चमकून तिच्याकडे बघितलं, पण तिला कुणाचं मन राखायची ताकद उरली नव्हती.

"माझाही पहिला संशय त्याच्यावरच होता. पण त्याचा पुलर दोन नखांचा, आणि खुणा तीन. त्याहून मोठी गोष्ट वंगणाची. हा ट्रॅक्टर मिस्त्रीला तोडायचा होता, मास्तरांना नकोसा होता. चोरून चाक काढणारा माणूस घाईत असतो. तो वंगण कशाला लावेल? आणि लावलंय कसं, तर आसाच्या टोकापासून टोकापर्यंत, पुढे वीस वर्षं गंज चढू नये असं. आकडा बघितला, जोडी जमली, आणि त्या क्षणी तो ट्रॅक्टर त्या माणसाने मनात विकत घेऊन टाकला. दुसऱ्याच्या यंत्राला कुणी इतक्या मायेने वंगण लावत नाही. तो आपलंच चाक परत चढवत होता."

हौशीराव पहिल्यांदा बोलले. "म्हातारा दुपारी झोपतो. रोज, एक ते तीन. सहा वर्षं मी येतोय, एकदाही चुकला नाही. मागच्या फाटकाने आलो. चाक परत चढवलं होतं, पाचर घालायची तेवढी राहिली होती. पाचर माझ्या हातात होती. जॅक उतारावर तिरका झाला." ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. "मी चाकामागे वाकलेलो. तो खाली टाकीशी असेल असं मला कसं कळणार?"

"ते नाही कळलं," थांबासाहेब म्हणाला. भीतीने आवाज चिरकत होता, पण तो बोलला. "पण खाली गेल्यावर दिसला ना? हाक मारायची होती. शेजारी माणूस होता, गल्लीत गॅरेज होतं. चाक बिनपाचरीचं सापडलं असतं तर कुणीतरी उघडलं हे कळलं असतं, म्हणून तुम्ही खाली जॅक नेलात, चाक पुन्हा उचललंत, पाचर ठोकलीत. मग खटका सोडलात, गियर मोकळा केलात. म्हणजे पोरीच्या डोक्यावर गेलं. आणि ते सगळं होईपर्यंत ते तिथेच होते."

"त्याने माझ्याकडे बघितलं नाही," हौशीराव म्हणाले. "डोळे मिटलेले होते. मला वाटलं, संपलं."

 बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मिस्त्री दारातून बाजूला झाला, आणि हौशीराव कुणी न सांगताच उठले.

७

ते गेल्यावर मास्तर आणि मिस्त्रीही गेले. थांबासाहेबालाही निघायचं होतं, पण एकट्याने शेडमध्ये जाऊन हत्यारं उचलायची त्याची हिंमत होत नव्हती. लेक ओट्याला टेकून उभी होती.

"म्हणजे मी लावला होता," ती म्हणाली. तिने ते दोनदा म्हटलं.

"लावला होतास," म्हातारी म्हणाली.

दीड महिन्यांनी निघालेला आवाज होता, घोगरा. लेकीने मान वर केली.

"मी ऐकलं होतं. बारा वाजता, इथेच उभी होते. खटका पडल्याचा आवाज आला आणि मग तू फाटक लावलंस."

"ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

थांबासाहेबाला खुर्चीत आणखी लहान होता आलं असतं तर तो झाला असता. असलं काही ऐकायला तो आला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?" लेकीचा आवाज चढला नाही. "लोक मला बोलत होते. तू समोर बसलेली असायचीस."

म्हातारी खुर्ची धरून उभी होती. "त्यांना मी उठवलं होतं," ती म्हणाली. "टाकीचा नळ गळत होता. गाढ झोपले होते. नळ सकाळपासूनच गळत होता, तीननंतरही बंद करता आला असता. पण मला त्या टपटपीचा वैताग आला होता. मी हलवून उठवलं आणि खाली पाठवलं. ठोकल्याचा आवाज आला तेव्हा वाटलं, नळच ठोकताहेत. मग सगळे म्हणाले पोरगी ब्रेक विसरली. मी म्हटलं, असेल. तू विसरलीस असं झालं तर मी उठवलं यात काही नव्हतं. तू विसरली नाहीस असं झालं तर फक्त मीच उरत होते. तुझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना, म्हणून बोललेच नाही."

 लेकीची बॅग दारामागे भरून ठेवलेली होती आणि ती त्या बॅगेकडे बघत होती. ती आता बॅग उचलेल आणि जाईल, आणि तिने तसं केलं तर तिला चूक म्हणता येणार नाही, असं थांबासाहेबाला वाटलं. त्या म्हातारीसाठी त्याला भीती वाटली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला दुसऱ्या कुणासाठी भीती वाटत होती.

"उठवलंस तेव्हा ते काय म्हणाले?" लेकीने विचारलं.

"काय म्हणणार? कुरकुरले."

"काय म्हणाले, आई?"

म्हातारीने खिडकीकडे बघितलं. "इथे उभे राहिले चष्मा पुसत. बाहेर बघितलं. म्हणाले, पोरीने आज गवत अगदी सरळ कापलंय, मला कधी जमलं नाही असं. संध्याकाळी आली की सांगतो तिला. मग चपला घालून खाली गेले."

लेक खाली बसली, ओट्याला पाठ लावून, जमिनीवरच. दीड महिना ती रडली नव्हती. आपल्याला रडायचा हक्क नाही असं तिला वाटत होतं. आता ती रडायला लागली, आणि तिची आई खुर्ची सोडून, गुडघे धरत, तिच्या शेजारी जमिनीवर बसायला लागली. म्हातारीला ते पटकन जमेना. लेकीने वर न बघता हात पुढे केला आणि तिला बसायला आधार दिला.